मोबाइल आरोग्यसेवा (पुणे)

मोबाइल फोन, टॅबलेट किंवा अंगावर वापरायची छोटी उपकरणे यांच्या साहाय्याने आरोग्याची माहिती नोंदवणे, जपणे, डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे आणि त्या आधारे उपचार चालू ठेवणे, याला मोबाइल आरोग्यसेवा म्हणतात. ‘एम-हेल्थ’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अहवाल काढला. गोळीची आठवण करून देणारा एसएमएस, फोनवरचा सल्ला, घरोघरच्या सर्वेक्षणाचे अॅप, लसीची नोंदणी हे सारे तिच्यात मोडते. पुणे जिल्ह्यात तिची दोन्ही टोके पाहायला मिळतात. आरोग्यनोंदींच्या राष्ट्रीय मानकांचे काम पाषाणला चालते आणि तिथून काही तासांवर, रेंज न मिळणाऱ्या डोंगरी वाडीत आशाताई अजून वहीवरच भिस्त ठेवून असते.

घरातली आरोग्याची माहिती आजवर राहत आली ती प्लास्टिकच्या पिशवीत. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे एकावर एक कोंबलेले. त्यातला ईसीजी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतो आणि काही वर्षांत पुसट होत जातो. हृदयविकाराच्या रुग्णाचा जुना ईसीजी नव्याशी ताडून पाहता आला तर निदानाला मोठी मदत होते, पण पिशवीतून निघतो तो जवळजवळ कोरा कागद. ईसीजी काढला त्याच दिवशी मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो घेऊन ठेवणे, ही या सेवेची सगळ्यात स्वस्त आणि तरीही खरोखर उपयोगी अशी पायरी आहे. नोंदी मागण्याचा हक्क मोबाइलच्याही आधीचा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत डॉक्टरांनी कागदपत्रे द्यायची असतात. हा नियम फार थोड्या रुग्णांना ठाऊक असतो, तो ठाऊक असायला हवा.

या पिशवीला पर्याय म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात ज्याची इच्छा असेल त्याला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे स्वतःच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, काढता येतो. सगळे रिपोर्ट सरकारच्या एका मोठ्या गोदामात जाऊन पडतात, असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडेच राहते. आभा क्रमांकाने ती फक्त जोडली जाते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर रुग्णाच्या मोबाइलवर विनंती येते. कोणत्या नोंदी दाखवायच्या आणि किती दिवस, हे रुग्ण ठरवतो. दिलेली संमती त्याला मागेही घेता येते.

रांगेतल्या माणसाला मात्र आभा भेटतो तो केसपेपरच्या खिडकीपाशी. तिथे लावलेला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप भरला जातो आणि टोकन मिळते. ही सोय २०२२ मध्ये आली. तरुणाचे काम झटकन होते. मागे उभ्या आजोबांचे अडते, कारण आभा काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर मुलाचा असतो. मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. आजोबा दोनदा फोन लावतात, तोवर ओटीपीची मुदत संपते आणि खिडकीतल्या ताई कागदी केसपेपर काढून देतात. हा दोष आजोबांचा नाही. ‘एका माणसामागे एक मोबाइल’ हे गृहीत धरून व्यवस्था आखली, की असेच होणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के भरल्या. उरलेल्या स्त्रियांची गरोदरपणाची किंवा गर्भपाताची माहिती कोणाच्या हातातल्या फोनवर जाते, हा प्रश्न तंत्राइतकाच खासगीपणाचाही आहे.

नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेमक्या अर्थाने पोहोचायच्या तर दोन्हीकडची भाषा एक हवी. एक डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ लिहितात, दुसरे ‘एमआय’. माणसाला ते एकच आहे हे कळते, संगणकाला सांगावे लागते. अशा संज्ञांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणाऱ्या ‘स्नोमेड सीटी’ या व्यवस्थेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. तिच्या वापराचे आणि आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात पाषाणच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि परम महासंगणकामुळे नावारूपाला आलेल्या याच संस्थेने संगणकावर देवनागरी आणण्याचेही मोठे काम केले आहे. तरी पुण्यातल्या बहुतेक प्रयोगशाळांचे रिपोर्ट अजून इंग्रजीतच मोबाइलवर येऊन पडतात आणि ते वाचून दाखवायला नातवंड शोधावे लागते.

घरोघर जाऊन आरोग्याची नोंद ठेवण्याची परंपरा जिल्ह्यात जुनी आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने गावातल्याच स्त्री-पुरुषांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. डॉ. कोयाजी यांना १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच परिसरात २००२ पासून गावोगावचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. दार उघडून माहिती सांगावी इतका विश्वास इथे आधी कमावला गेला, उपकरणे नंतर आली.

साधा फोन किती दूर जाऊ शकतो, हे क्षयरोगाच्या ‘९९ डॉट्स’ योजनेत दिसले. गोळ्यांच्या पाकिटावर पुठ्ठ्याचे आवरण चढवलेले असे. गोळी काढली की त्यामागे दडलेला फोन नंबर दिसे, त्यावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नसत, स्मार्टफोनही लागत नसे. मिस्ड कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे मात्र नाही. आला नाही म्हणजे चुकली, असेही नाही. कदाचित फोनच घरच्यांनी नेला असेल. म्हणून क्षयरुग्णाच्या घरी जाणारा कार्यकर्ता कधीच अनावश्यक ठरला नाही.

कोविडच्या काळात हे सारे एकदम अंगावर आले. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. २५ मार्चला केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून दिलेल्या चिठ्ठीला स्पष्ट नियम मिळाले. त्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजून अॅपमध्ये भरत होती. पुढच्या वर्षी कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर लसीची वेळ धरायची धडपड सुरू झाली. शहरात जागा मिळेना तेव्हा पुण्याची तरुण मंडळी गाडी काढून मुळशी-मावळच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली. त्या गावातल्या लोकांना ती वेळ मोबाइलवर पकडताच येत नव्हती. आणि कोविशील्ड ही लस तयार होत होती ती पुण्यातच.

ही सगळी माहिती भरणारे हात बहुतांशी आशा आणि अंगणवाडी ताईंचे असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन सारखे बिघडत, मेमरी अपुरी पडे आणि बाळांच्या पोषणाची नोंद ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकर अॅपमध्ये त्यांना मराठी हवी होती. तक्रार रास्त होती. एकच वजन वहीत लिहायचे आणि पुन्हा मोबाइलमध्येही भरायचे, हा दुहेरी भार कमी झाल्याशिवाय बाळाच्या वजनाकडे नीट पाहायला वेळ उरत नाही.

शहरात रोजचा वापर मधुमेह आणि रक्तदाबासाठी. मुले परदेशी असलेल्या कोथरूडच्या घरांतून बीपी मशीनच्या पडद्याचा फोटो रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर जातो. नुसता आकडा पाठवून भागत नाही. शुगर उपाशीपोटीची की जेवणानंतर दोन तासांची, बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसला होतात का, हे सोबत लिहावे लागते, नाहीतर डॉक्टरांना त्या आकड्यावरून गोळी बदलता येत नाही. छातीत दुखू लागले, बोलताना जीभ जड झाली, तर मेसेज टाकून उत्तराची वाट पाहायची नाही. सरळ १०८ लावायचा. राज्यात २०१४ पासून चालणाऱ्या या रुग्णवाहिका सेवेचे नियंत्रण केंद्र पुण्यातच आहे आणि तिथे फोन उचलणारा माणूस मराठीत विचारतो, रुग्ण शुद्धीवर आहे का.