डिझेल रेलकार आणि छोटी स्थानके

डिझेल रेलकार म्हणजे वेगळे एंजिन न जोडता, डब्याखालीच बसवलेल्या डिझेल एंजिनावर धावणारी प्रवासी गाडी. एक, दोन किंवा तीन डब्यांची ही गाडी विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक देशांच्या आडमार्गांवर आली आणि लहान गावांतल्या नोकरदारांची, विद्यार्थ्यांची रोजची गाडी झाली.

वाफेच्या एंजिनाची आग गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी पेटवावी लागे. कोळसा, पाणी, फायरमन हे सगळे आलेच. शेवटच्या स्थानकावर एंजिन सोडून पलीकडच्या टोकाला नेऊन जोडायचे. पन्नास-साठ उतारूंसाठी हा खटाटोप परवडत नव्हता. रेलकारला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. गाडी थांबली की चालक डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि थोड्याच वेळात तीच गाडी उलटी निघते. बंद पडायला टेकलेले कितीतरी मार्ग या सोयीमुळे तगले. पश्चिम जर्मनीत १९५०पासून धावलेल्या, बसचे एंजिन लावलेल्या यूर्डिंगेन रेलबसला ‘आडमार्गांची तारणहार’ म्हणत, ते यासाठीच.

अमेरिकेत बड कंपनीने १९४९ ते १९६२ या काळात स्टेनलेस स्टीलच्या ३९८ रेलकार बांधल्या. जपानमध्ये अशा गाड्यांच्या क्रमांकाआधी ‘किहा’ ही अक्षरे येतात. त्यांतले ‘कि’ रेलकारचे आणि ‘हा’ सामान्य वर्गाचे. तिथल्या कोमिनातो रेल्वेने १९६१पासून घेतलेल्या किहा २०० गाड्या एकविसाव्या शतकातही रोजच्या सेवेत राहिल्या.

ब्रिटनमध्ये १९५४पासून आलेल्या गाड्यांची आठवण सर्वांत जिव्हाळ्याने निघते, आणि त्याला कारण आहे. चालकाच्या पाठीमागे भिंतीऐवजी काच असे. पुढच्या बाकावर जागा मिळाली की रूळ, सिग्नल, समोरून येणारा फलाट, सगळे चालकाला दिसे तसेच उतारूला दिसे. गियर हाताने बदलावे लागत. चालक थ्रॉटल (एंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) खाली आणी, एंजिन नुसते गुरगुरे, क्षणभर गाडी आपल्याच वेगात घरंगळे. मग पुढचा गियर पडला की डबा हादरून पुन्हा जोर धरी. चौथ्या गियरपर्यंत असे तीनदा. स्थानकात उभी असताना खिडक्यांच्या काचा थरथरत आणि डिझेलचा वास कपड्यांना लागे. जिने या गाडीतून रोज शाळा गाठली, तिला तो आवाज डोळे मिटूनही ओळखता येतो.

अशा गाडीचे स्थानक म्हणजे एक फलाट, एक खोली, एक घड्याळ. दोन्ही दिशांच्या गाड्यांना रूळमार्ग एकच, म्हणून टोकन, म्हणजे पुढच्या टप्प्यावर जाण्याच्या परवानगीची खूण, हाती असल्याशिवाय चालकाला पुढे जायची मुभा नसे. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज स्थानकातल्या यंत्रातून टोकन सुटत नाही आणि एक बाहेर असताना दुसरे निघत नाही. समोरासमोरची टक्कर टाळण्याची इतकी साधी आणि भरवशाची युक्ती क्वचितच सापडेल. तिकिटे पुठ्ठ्याची, अनुक्रमांक छापलेली. ही पद्धत टॉमस एडमंडसन या इंग्लिश स्टेशनमास्तरने १८३०च्या दशकात काढली. खिडकीतला माणूस तिकीट यंत्रात सारी, खट्ट आवाज होई आणि तारीख उमटे.

रेलकारने खर्च घटवला, पण मोटारीने उतारूच नेले. ब्रिटनमध्ये रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३च्या अहवालाने २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. वाचलेल्या अनेक ठिकाणी तिकीट गाडीतच मिळू लागले, खिडकीतला माणूस गेला, खोलीला कुलूप लागले. गाडी टिकवण्यासाठी स्थानक रिकामे करावे लागले, हे या इतिहासातले सर्वांत दुखरे पान आहे. जुन्या गाड्यांपैकी काही आता हौशी मंडळींनी चालवलेल्या वारसा मार्गांवर धावतात. पुष्कळ गाड्यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज भरलेले असल्याने ते काढण्याचे काम खर्चिक ठरले.

कॅनडात सडबरी ते व्हाइट रिव्हर या सुमारे ४८० किलोमीटरच्या मार्गावर बड रेलकार एकविसाव्या शतकातही प्रवासी नेत राहिल्या. त्या मार्गावर जंगलात अनेक ठिकाणी स्थानकच नाही. रुळाकाठी माणूस होडी घेऊन उभा दिसला की गाडी थांबते आणि होडीसकट त्याला आत घेते.