यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचे दोन किलो

बेळगाव-खानापूर पट्ट्यात गावची लक्ष्मी यात्रा पार पडली, की वजन कमी करू पाहणाऱ्यांवर हमखास एक संकट येतं. महिनाभर भाकरी मोजून खाल्लेली असते. यात्रेच्या आदल्या सकाळी काट्यावर ७२.४ किलो, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ७४.३. सगळी मेहनत दोन जेवणांत पाण्यात गेली असं समजून कुणी दिवसभर उपाशी राहतं, तर कुणी नाद सोडून देतं. दोन्ही चुकतात, कारण वाढलेल्या १९०० ग्रॅममध्ये चरबी फार तर शे-दोनशे ग्रॅम असते.

आधी चरबीचा हिशेब करू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. ७० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २४० किलोकॅलरीची धरली, तर नेहमीचं पोटभर जेवण करून वर आणखी ३२ भाकऱ्या खाव्या लागतील, तेव्हा कुठे एका दिवसात किलोभर चरबी चढेल. घटीचंही तसंच आहे. रोज गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या तर दिवसाला ६५ ग्रॅम चरबी जाते. घरचे डिजिटल काटे ५० किंवा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात. म्हणजे जी घट आपण शोधतोय ती काट्याच्या एका टप्प्याएवढी, आणि तेवढ्याच वेळात पाणी किलो-दीड किलो वर-खाली होत असतं.

पाणी एवढं का हलतं? मुख्य कारण मीठ. दवाखान्यातली सलाईनची बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते. अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, लिटरला नऊ. हे प्रमाण शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवाशी जुळेल असं ठरवलेलं आहे. खाल्लेल्या मिठातलं सोडियम पेशींत फारसं टिकत नाही, पेशींच्या भिंतींवरचे पंप ते सतत बाहेर फेकतात. ते राहतं रक्तात आणि पेशींच्या अवतीभवती, आणि तिथला खारटपणा शरीर काटेकोर सांभाळतं. तो शेकडा एक-दोन टक्क्यांनी वाढला, की मेंदू तहान लावतो आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडून लघवी घट्ट करायला लावतो. आपण पाणी पितो, ते आत राहतं, खारटपणा पूर्ववत होतो. पण साडेचार ग्रॅम जास्तीच्या मिठामागे सलाईनच्या एका बाटलीएवढा द्रव अंगात उरलेला असतो. अर्धा किलो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आता यात्रेचं ताट बघा. मटणाचा रस्सा दोनदा वाढून घेतलेला, पापड, ठेचा, कैरीचं लोणचं. किलोभर फोडींना घरोघरी दीड-दोनशे ग्रॅम मीठ लागतं. तेल-मसाला धरूनही २० ग्रॅम लोणच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ आलंच. दिवसभरात नेहमीपेक्षा सात-आठ ग्रॅम मीठ जास्त जाणं अजिबात अवघड नाही, आणि त्यामागे पाऊण लिटरहून अधिक पाणी.

मग मूत्रपिंडं हे मीठ लगेच बाहेर का टाकत नाहीत? त्यांचं काम समजलं तर उत्तर आपोआप मिळतं, आणि मला तरी शरीरातलं याच्याइतकं विलक्षण काम दुसरं दिसत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ विरघळलेलं असतं. नलिकांमधून जाताना त्यातलं साडेनव्याण्णव टक्के परत रक्तात ओढलं जातं, आणि लघवीवाटे जातात ते पाच-दहा ग्रॅम. किती सोडायचं याची शेवटची बारीक जुळणी नलिकेच्या टोकाकडच्या भागात होते, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने. अल्डोस्टेरॉन तिथल्या पेशींना सोडियम ओढणाऱ्या वाहिन्या नव्याने तयार करायला लावतं. या वाहिन्या प्रथिनांच्या असतात. मीठ वाढलं की अल्डोस्टेरॉन उतरतं, पण आधी बांधलेल्या वाहिन्या त्या क्षणी नाहीशा होत नाहीत. जुनी व्यवस्था मोडून नवी लागेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर मूत्रपिंडं कालच्या हिशेबानेच मीठ राखत बसतात. जास्तीचं मीठ पूर्ण निघायला तीन-चार दिवस लागतात ते यामुळे. त्या दिवसांत पाणी कमी पिऊन उपयोग नाही. मीठ आत असेपर्यंत शरीर लघवी कमी करून पाणी धरूनच ठेवणार.

अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला भरती येते तसं अंगातही पाणी चढतं, असं सांगणारे भेटतात. चंद्राच्या भरती आणणाऱ्या ओढीने ७० किलोच्या माणसाच्या वजनात जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमचा फरक पडतो. तांदळाचा एक दाणा याहून जड असतो.

दुसरं कारण ग्लायकोजेन. भात-भाकरीतल्या साखरेचा साठा शरीर या रूपात करतं, यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास. एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत धरतं. म्हणून भरलेलं कोठार दोन किलोंचं. निर्जळी एकादशीला यकृतातला साठा बराचसा संपतो, त्याचं पाणी निघून जातं, आतडीही रिकामी होतात आणि काटा उतरतो. द्वादशीला पारणं सोडलं की सगळं परत. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या उपवासात तर साठाही संपत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भात-भाकरी बंद केली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठही जास्त सोडू लागतात. ‘आठ दिवसांत चार किलो’ अशा जाहिरातींचं भांडवल हेच पाणी आहे. घाम काढणारे पट्टे पाणीच काढतात, आणि सोनामुखी घातलेले ‘स्लिमिंग’ चहा फक्त आतडी रिकामी करतात. पैसे घेऊन चरबीच्या नावाखाली पाणी विकणं ही फसवणूक आहे.

येळ्ळूरचा राजहंसगड बऱ्याच दिवसांनी चढून आल्यावर मांड्या दुखतात, तेव्हाही सुजलेले स्नायू दोन-चार दिवस पाणी धरतात. व्यायाम सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यात वजन वाढतं ते अनेकदा यामुळेच.

आता काट्याविषयी. त्याच्या चार पायांत चार संवेदक असतात आणि चौघांवर भार नीट यावा लागतो. शहाबादी फरशीच्या सांध्यावर, सतरंजीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर आकडा बदलतो. एकाच फरशीवर, एकाच जागी ठेवा. सारवलेली जमीन असेल तर खाली फरशीचा सपाट तुकडा घाला. पाण्याचा भरलेला २० लिटरचा कॅन तीनदा ठेवून उचला. आकड्यांत २०० ग्रॅमहून जास्त फरक आला तर जागा किंवा बॅटरी बदला. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत करा.

आकडा रोज लिहा, पण पाहायचा तो कल. पहिल्या दिवशी कल म्हणजे त्या दिवशीचं वजन. पुढे रोज, आजच्या वजनातून कालचा कल वजा करायचा, उरेल त्याचा दहावा भाग कालच्या कलात मिळवायचा. कल ७२.४ असताना काट्याने ७४.३ दाखवले, तर फरक १.९, दहावा भाग ०.१९, नवा कल ७२.५९. यात्रेचे दोन किलो दोनशे ग्रॅमच्या आत येतात. वजन उतरत असताना हा कल प्रत्यक्षापेक्षा सुमारे अर्धा किलो वर राहतो. तो मागून येतो, एवढंच. आकड्याकडे न बघता उतार बघा, तीन-चार आठवड्यांचा.

बायकांनी हा उतार महिन्या-महिन्याने ताडावा. पाळीच्या आधीच्या दिवसांत पुष्कळ जणींच्या अंगात पाणी राहतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. या महिन्याच्या पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडला तर खरा फरक कळतो.

हृदय कमजोर झाल्याचं निदान झालेल्यांना हा सरासरीचा हिशेब लागू नाही. त्यांचं वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर धाप लागू लागली, तर ते साठणारं पाणी आजाराचं असू शकतं. अशा वेळी कल काढत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.