वाहत्या जमिनीवरचा दवाखाना: आसामच्या चरांवरील प्रजनन आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

कोकणच्या खाड्यांमधल्या बेटांना आपल्याकडे ‘जुवे’ म्हणतात आणि गोव्यातले सांत इस्तेव आजही स्थानिकांच्या तोंडी ‘जुवें’च आहे. पण ही बेटे जागची हलत नाहीत. ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील ‘चर’ किंवा ‘चापोरी’ यांचे तसे नाही. पुराबरोबर आलेल्या गाळाची जमीन वर येते, त्यावर गवत उगवते, वस्ती होते, मोहरी आणि ज्यूट पिकू लागते, आणि काही वर्षांनी तीच जमीन कडेकडेने ढासळत नदीत जाते; माणसे घराचे बांबू व पत्रे सोडवून नव्या चरावर जातात. आसाम सरकारच्या २००२-०३ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत अशी २,२५१ चर-गावे आणि त्यांवर सुमारे २५ लाख लोक नोंदले गेले. त्यांतील साक्षरता जेमतेम १९ टक्के होती आणि ६८ टक्क्यांच्या आसपास लोक दारिद्र्यरेषेखाली होते. या वस्तीतील बाळंतपण, पाळणा लांबवण्याची साधने, गर्भपात आणि स्त्रियांचे अंगावर काढलेले आजार यांचा इतिहास म्हणजे मोठ्या अंशी, स्थिर जमीन गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेची अस्थिर जमिनीशी पडलेली गाठ आहे.

चरांवर राहणारे लोक एका जातकुळीचे नाहीत. वरच्या आसामात, म्हणजे दिब्रुगड, धेमाजी, माजुली या भागांत, मुख्यतः मिसिंग समाज आहे आणि त्यांची खांबांवर उभी केलेली ‘चांग घरे’ पुराशी जुळवून घेतच घडलेली आहेत. खालच्या आसामात, धुबरी, गोवालपारा, बारपेटा या बाजूला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजच्या बांगलादेशातील मयमनसिंग आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या बंगालीभाषक मुसलमान शेतकऱ्यांच्या वसाहती आहेत. दोन्हीकडे नदीने १९५० नंतर अधिक त्रास दिला. त्या वर्षी १५ ऑगस्टला झालेल्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने डोंगरांतली माती पात्रात आली, नदीचा तळ उंचावला आणि किनारे खचण्याचा वेग वाढला. विसाव्या शतकाच्या आरंभी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठे असलेले माजुली आज निम्म्यापेक्षाही लहान उरले आहे.

आरोग्य खात्याचा हिशेब मात्र लोकसंख्येवर चालतो. सपाट प्रदेशात ५,००० आणि दुर्गम किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, त्यात एक परिचारिका, अशी देशभरची चौकट आहे. उपकेंद्राला इमारत लागते आणि इमारतीला सातबारा नसला तरी निदान मोजणी झालेली जमीन लागते. चरांपैकी पुष्कळ जमिनीची महसुली मोजणीच झालेली नाही. जिथे झाली, तिथे नकाशावरचा गट नंबर पाण्याखाली असू शकतो. त्यामुळे चरवासीयांसाठी मंजूर झालेले उपकेंद्र काठावरच्या गावात उभे राहणे आणि त्याच्या नोंदवहीत चरावरची गावे ‘कार्यक्षेत्र’ म्हणून लिहिली जाणे, हे ओघानेच आले. दिब्रुगडमध्ये बेरी-व्हाइट वैद्यकीय शाळा १९०० साली निघाली आणि १९४७ मध्ये तिचे आसाम मेडिकल कॉलेज झाले, म्हणजे शतकभर डॉक्टर घडवणारे शहर नदीच्या काठावरच होते. समोरच्या चापोऱ्यांपर्यंतचे अंतर किलोमीटरांत फार नव्हते. ते मोजायचे ते भुटभुटी नावाच्या डिझेल इंजिनाच्या होडीच्या भाड्यात आणि ती कधी सुटेल या वाट पाहण्यात.

या काळात बाळंतपणे दाईंनीच केली. दाईला कमी लेखण्याचे कारण नाही. सरळ बाळंतपण ती नीट पार पाडत असे आणि सरकारनेही अनेक वर्षे दाईंना प्रशिक्षण देण्याच्या योजना राबवल्या. प्रश्न येई तो रक्तस्राव थांबेना, झटके येऊ लागले किंवा मूल आडवे असले तर. अशा वेळी काय व्हायचे याचा अंदाज राज्याच्या एकूण आकड्यांवरून येतो. जन्म-मृत्यूंच्या देशव्यापी ‘नमुना नोंदणी पाहणी’नुसार २००४-०६ मध्ये आसामात दर लाख जिवंत जन्मांमागे ४८० माता दगावत होत्या, आणि हे प्रमाण देशात सर्वांत वाईट होते. भारताची सरासरी तेव्हा २५४ आणि महाराष्ट्राची १३० होती. यांत चहाच्या मळ्यांतील स्त्रियांचा वाटा मोठा होता. चरांचा वेगळा आकडा या पाहणीतून निघत नाही, त्यामुळे राज्याची सरासरी सुधारली की चरही सुधारले असे मानण्याची चूक सहज होते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यावर धोरणाची दिशा बदलली. दाईऐवजी ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती, घराऐवजी रुग्णालय, आणि रुग्णालयात बाळंत होणाऱ्या ग्रामीण स्त्रीला आसामसारख्या मागे पडलेल्या राज्यांत १,४०० रुपये, अशी ती मांडणी होती. राज्यभर तिचा परिणाम झाला: संस्थात्मक, म्हणजे रुग्णालयात होणाऱ्या, बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील २२ टक्क्यांवरून २०१९-२१ च्या पाहणीत ८४ टक्क्यांवर गेले. चरांवर मात्र एक विचित्र मधली अवस्था निर्माण झाली. दाईचे प्रशिक्षण मागे पडले, तिच्या हाती निर्जंतुक साहित्य देणे कोणाच्या जबाबदारीत उरले नाही, आणि रुग्णालय तर पूर्वीइतकेच पलीकडच्या काठावर राहिले. जी सोय आली नव्हती तिच्या भरवशावर असलेली सोय मोडीत काढली गेली, असे माझे मत आहे.

याच वर्षी, २००५ मध्ये, दिब्रुगडमधून एक बोट निघाली. पत्रकार आणि लेखक संजय हजारिका यांच्या पुढाकाराने २००० साली स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर नॉर्थ ईस्ट स्टडीज अँड पॉलिसी रिसर्च’ या संस्थेची ही कल्पना होती. वेळेत काठ गाठता न आल्याने दगावलेल्या एका गर्भवतीची हकिगत हे तिचे निमित्त असल्याचे हजारिका यांनी सांगितले आहे. जागतिक बँकेच्या एका स्पर्धेत २००४ मध्ये या कल्पनेला पारितोषिक मिळाले, त्यातून ‘आखा’, म्हणजे आशा, हे नाव असलेली बोट बांधली गेली. बोटीत तपासणीची खोली, औषधांचा साठा, छोटी प्रयोगशाळा, डॉक्टर-परिचारिकांची झोपण्याची जागा, स्वयंपाकघर आणि जनित्र असे सगळे असते. २००८ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने भागीदारी स्वीकारली आणि पुढे ही सेवा १३ जिल्ह्यांत १५ बोटींपर्यंत पोहोचली. नर्मदेच्या सरदार सरोवरामुळे पाण्याने वेढल्या गेलेल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील पाड्यांसाठी सुरू झालेला तरंगता दवाखाना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मात्र तिथे पाणी साचलेले असते आणि इथे ते वाहते.

बोट दवाखान्याचे काम ठरलेल्या तारखांना चालते. पथक काही दिवस नदीवरच राहते, रोज एका चरावर शिबिर लावते आणि पुढे सरकते. हिवाळ्यात पाणी उतरले की बोट गावापर्यंत जात नाही, तेव्हा औषधांच्या पेट्या खांद्यावर घेऊन वाळूतून चालावे लागते. पावसाळ्यात नदी गावाच्या दारात येते, पण प्रवाहाचा भरवसा नसतो. गरोदर स्त्रीची नोंद, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, बाळाचे लसीकरण ही सारी कामे तारखेने करता येण्यासारखी आहेत आणि ती बोटीने केली. अंगावरून पांढरे जाणे, लघवीची जळजळ, पुराच्या दिवसांत तासन्‌तास पाण्यात उभे राहिल्याने वाढणारे जंतुसंसर्ग हे विषय बायका घरात काढत नाहीत, आणि परक्या काठावरच्या पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. चरावर आलेल्या परिचारिकेला त्या निदान सांगू शकल्या.

पाळणा लांबवण्याच्या साधनांची कथा थोडी वेगळी आहे. १९५२ मध्ये देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू झाला, तरी त्याचा मुख्य भर दीर्घकाळ नसबंदीवर राहिला आणि आणीबाणीने त्याला जी बदनामी दिली ती लवकर पुसली गेली नाही. लोकसंख्या व विकास या विषयावरील १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने १९९६ मध्ये उद्दिष्टांचे आकडे ठरवून देण्याची पद्धत कागदोपत्री सोडली. चरावरच्या बाईला या बदलाने फारसा फरक पडला नाही, कारण नसबंदीसाठी तिला घर, जनावरे आणि लहान मुले सोडून दोन दिवस काठावर राहावे लागे, आणि तांबी बसवून घेतली तर त्रास झाल्यावर ती काढायला कोण येणार, हा तिचा प्रश्न रास्त होता. २०१७ पासून सरकारी सेवेत आलेली ‘अंतरा’ ही तीन महिन्यांची सुई आणि ‘छाया’ ही आठवडी गोळी चरांच्या जीवनक्रमाला अधिक जुळणारी आहेत. शिवाय ज्या घरात नवरा गुवाहाटीला किंवा केरळला मजुरीवर असतो आणि वर्षातून दोनदा येतो, तिथे रोजच्या गोळीपेक्षा सुईचा विचार सोपा जातो. राज्याने मात्र २०१७ मध्ये लोकसंख्या धोरण आणले आणि दोनपेक्षा अधिक मुले असलेल्यांना २०२१ पासून सरकारी नोकरीला अपात्र ठरवले. चरावर सरकारी नोकरी मुळातच दुर्मीळ असल्याने त्या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम थोडा. पण सरकारला आपली मुले मोजायची आहेत हा संशय त्याने पक्का केला, आणि संशयाने भरलेल्या गावात गर्भनिरोधकाची सुई घेऊन जाणाऱ्या परिचारिकेचे काम अवघड होते.

तारखेने न होणाऱ्या गोष्टी तिथेच राहिल्या. बाळंतकळा रात्री सुरू होतात आणि अंधारात नदी ओलांडणे धोक्याचे असते. दिवसाही ते निर्धोक नाही. ८ सप्टेंबर २०२१ रोजी जोरहाटजवळच्या निमातीघाट येथे माजुलीच्या मार्गावरील दोन बोटींची टक्कर झाली होती. काही ठिकाणी १०८ सेवेच्या बोट-रुग्णवाहिका आल्या, पण ज्यांना जमते ती कुटुंबे अजूनही नववा महिना लागताच गरोदर बाईला काठावरच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवतात. गर्भपाताबाबत अडचण कायद्यातच आहे. १९७१ च्या कायद्यातील मुदती २०२१ च्या सुधारणेने वाढवल्या, काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत, परंतु कायद्याला सरकारी रुग्णालय किंवा मान्यता मिळालेली जागा लागते. पुन्हा जागाच.

आसामचा माता-मृत्यूचा आकडा २०१८-२० पर्यंत १९५ वर आला. घट मोठी आहे, तरी देशात तो तेव्हाही सर्वाधिक होता; भारताचा ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता. राज्य सरकारने या मृत्यूंचा संबंध अल्पवयीन मातृत्वाशी जोडला. २०१९-२१ च्या पाहणीत आसामातील २० ते २४ वयोगटातील सुमारे ३२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले होते आणि धुबरी जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते, त्यामुळे हा संबंध निराधार नाही. ३ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यात बालविवाहाविरुद्ध अटकसत्र सुरू झाले, काही दिवसांतच तीन हजारांहून अधिक लोक पकडले गेले. जुन्या लग्नांसाठीही नवरे आणि सासरे तुरुंगात गेले. गरोदर मुली तपासणीला येणे टाळत असल्याच्या बातम्या लगोलग आल्या, आणि या कारवाईने लोकांच्या खासगी आयुष्यात हाहाकार माजल्याचे गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात जामीन अर्जांवरील सुनावणीत म्हटले. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत तिने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना नाव कळवू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेला होता. परंतु गरोदरपण चालू ठेवणाऱ्या, बोटीवर नाव नोंदवायला येणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला त्यातून संरक्षण मिळत नाही. तिच्या माता-बाल कार्डावरचा वयाचा रकाना परिचारिकेने भरावाच लागतो.