लेखाच्या तळाशी ‘हितसंबंध’ : पार्श्वभूमी

वैद्यकीय जर्नलमधला लेख संपला की खाली बारीक टायपात दोन ओळी येतात. पैसा कोणी दिला, आणि लेखकाचे कोणत्या कंपनीशी आर्थिक संबंध आहेत. या ओळींचं वय फार नाही. बॉस्टनहून निघणाऱ्या एका नामांकित साप्ताहिकाने १९८४मध्ये लेखकांकडून ही माहिती मागायला सुरुवात केली. मोठ्या जर्नलांत ते पहिलं.

या ओळी पुरेशा आहेत का, या वादाची मुळं मात्र १९९०मध्ये आहेत. त्या वर्षी या साप्ताहिकाने जास्त कडक नियम केला. ज्या औषधाबद्दल लिहायचं त्याच्या कंपनीत लेखकाचे आर्थिक हितसंबंध असतील, तर त्याने त्यावर संपादकीय किंवा आढावा लेख लिहायचाच नाही. संबंध जाहीर केला म्हणून सूट नाही. मूळ संशोधनात निदान आकडे समोर असतात, ते कोणी तपासू शकतो. आढावा लेखात काय घ्यायचं, काय गाळायचं हे सगळं लेखकाच्या हातात. तिथे तटस्थ माणूसच हवा, असा तो विचार होता.

नियम पाळणं जड गेलं. १९९७पासून छापलेल्या औषधोपचारावरच्या ४० आढाव्यांपैकी १९ नियमात बसत नव्हते, हे साप्ताहिकाने २०००मध्ये स्वतःच कबूल केलं. कबुली दिली हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

मग जून २००२मध्ये नियमात एका शब्दाची भर पडली : ‘लक्षणीय’. त्यानुसार फक्त ‘लक्षणीय’ आर्थिक हितसंबंध असलेल्यांना मनाई, आणि वर्षाला १० हजार डॉलरपर्यंतची रक्कम लक्षणीय धरायची नाही. तेव्हाच्या दराने हे पाच लाख रुपयांच्या जवळपास जातात. संपादकांचं म्हणणं असं की नव्या औषधांवर अधिकाराने लिहू शकेल आणि कंपन्यांशी काहीच देणंघेणं नसेल असा माणूस मिळत नाही. दोन वर्षांत नव्या औषधावरचा असा एकच आढावा लेख मिळवता आला. अडचण खरी असेल. पण लेखक मिळत नाहीत म्हणून नियम सैल करणं म्हणजे पात्र उमेदवार नाहीत म्हणून पात्रतेची अटच खाली आणणं, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो आजही खोडून निघालेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. १९९८मध्ये रक्तदाबावरच्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधांच्या वादात कोण कोणत्या बाजूने लिहितो, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. औषधांची बाजू घेणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्क्यांचे ती बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, तटस्थांपैकी ६० टक्क्यांचे आणि विरोधकांपैकी ३७ टक्क्यांचे. तपासलेल्या ७० लेखांपैकी फक्त २ लेखांत हे संबंध सांगितले होते. हा अभ्यास छापला होता याच साप्ताहिकाने.

२००२च्या आदल्याच वर्षी वारं उलट दिशेने वाहत होतं. १९७८मध्ये व्हँकूव्हरच्या बैठकीतून जन्मलेल्या संपादकांच्या गटाने सप्टेंबर २००१मध्ये अनेक जर्नलांत एकाच वेळी संपादकीय छापलं : औषधाच्या चाचणीच्या आकड्यांवर फक्त पैसे देणाऱ्याचा ताबा असेल, तर तो लेख आम्ही घेणार नाही. २००४मध्ये याच गटाने चाचणीची आगाऊ नोंदणी ही छपाईची अट केली.

जर्नलच्या स्वतःच्या कमाईबद्दल मात्र तळाशी ओळ नसते. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाची गाजलेली चाचणी नोव्हेंबर २०००मध्ये बॉस्टनच्याच साप्ताहिकात आली. तिची नऊ लाखांहून अधिक पुनर्मुद्रणं विकली गेली, बहुतेक औषधाच्या कंपनीलाच. एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, बॅगेतून डॉक्टरच्या टेबलावर येतात तीच ही पुनर्मुद्रणं. सप्टेंबर २००४मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. हृदयविकाराचे तीन झटके लेखातल्या आकड्यांत आले नव्हते, अशी चिंता साप्ताहिकाने डिसेंबर २००५मध्ये व्यक्त केली. पुढे २००९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात याच औषधाच्या खटल्यात आणखी एक प्रकार बाहेर आला. कंपनीच्या पैशावर, जर्नलसारखं दिसणारं प्रकाशन तिथे काढलं जात होतं आणि त्यावर पुरस्कर्त्याचा उल्लेख नव्हता. प्रकाशक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होता.

त्याच वर्षी संपादकांच्या गटाने सर्वांसाठी एकच फॉर्म आणला, मागच्या ३६ महिन्यांचा हिशेब मागणारा. गोंधळ शब्दाचा होता. तळाच्या ओळीच्या इंग्रजी नावाचा (कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट) सरळ अर्थ ‘हितसंघर्ष’. आणि माझ्या मनात संघर्ष नाहीच असं मानणारा लेखक प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहून मोकळा होई. लंडनच्या एका साप्ताहिकाने म्हणूनच ‘स्पर्धक हितसंबंध’ अशा अर्थाचा शब्द घेतला. २०२१च्या नव्या फॉर्मने संघर्षाऐवजी संबंध आणि व्यवहार विचारले. निवाडा वाचकावर सोपवला. मराठीत आपण ‘हितसंबंध’ म्हणतो ते योगायोगाने जास्त नेमकं आहे.

अमेरिकेत लेखकाचं हे उत्तर पडताळता येतं. २०१०च्या कायद्यानुसार कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे २०१४पासून जाहीर होतात. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने अनेक लेखांत कंपन्यांशी असलेले संबंध सांगितले नव्हते, हे पत्रकारांनी सप्टेंबर २०१८मध्ये उघड केलं; त्याने राजीनामा दिला.

आपल्याकडे चाचण्यांची नोंदवही २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून सक्तीची झाली. डिसेंबर २००९मध्ये डॉक्टरांनी कंपन्यांच्या भेटी घेण्यावर नियमावलीने बंदी आणली. डॉक्टरांसाठीचे ऑगस्ट २०२३मधले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. मार्च २०२४ची आचारसंहिता कंपन्यांसाठी आहे. कोणत्या डॉक्टरला किती मिळाले, याची सार्वजनिक यादी मात्र आपल्याकडे कुठेच नाही.

मुंबईत सुरू झालेल्या एका प्रकाशनगृहाच्या जर्नलांत वर्षानुवर्षं एकच साचा छापला गेला : ‘आर्थिक साहाय्य : निल (काही नाही); हितसंघर्ष : घोषित नाही’. एखाद्या रुग्णाची हकीकत सांगणाऱ्या साध्या रोगवृत्ताखालीही तेच, आणि नव्या औषधाच्या आढाव्याखालीही.