मेलेल्यांची फौज रंगवायला देताना

वॉरहॅमर, किंग्ज ऑफ वॉर किंवा टेबलावर छोट्या पुतळ्यांनी (मिनींनी) खेळायच्या अशाच एखाद्या युद्धखेळासाठी सांगाडे, झॉम्बी, भुतं यांची फौज उभी करायची आहे आणि कन्व्हर्जन (मिनी कापून-जोडून तिचं रूप बदलणं) आणि रंगकाम आमच्याकडे सोपवायचं आहे, अशांसाठी हे पत्रक. घरी स्वतः करणार असाल तरी वाचा, यात लपवण्यासारखं काही नाही.

पहिलं काम तुमचं: खेळ ठरवा. ‘अनडेड’ (मेलेले, तरी चालते-फिरते) म्हटलं की झालं, असं नाही. १९८३ साली आलेल्या मूळ वॉरहॅमरमध्ये मेलेले सगळे एकाच फौजेत असायचे. पुढे रक्तपिपासू सरदारांची फौज वेगळी झाली आणि इजिप्तच्या धर्तीवरचे टूम किंग्ज वेगळे. हे टूम किंग्ज मधली काही वर्षं दुकानातून गायब होते, ते २०२४ च्या सुरुवातीला ‘द ओल्ड वर्ल्ड’ या वॉरहॅमरच्याच खेळाबरोबर परत आले. आमच्या दृष्टीने खरा फरक पायाखालच्या बेसचा. एज ऑफ सिग्मार या वॉरहॅमरच्या दुसऱ्या खेळाला गोल बेस लागतो, ओल्ड वर्ल्डला चौकोनी, साध्या सांगाड्याला २५ मिमीचा. चौकोनी बेसवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, त्यामुळे एकाचा भाला दुसऱ्याच्या बरगडीत अडकतो. म्हणून आम्ही आख्खी तुकडी आधी डिंक न लावता उभी करून पाहतो आणि बेसच्या खाली क्रमांक घालतो. किंग्ज ऑफ वॉरमध्ये मात्र मार तुकडीला बसतो, एकेक शिपाई उचलावा लागत नाही. तिथे पूर्ण तुकडी एकाच ट्रेवर कायमची चिकटवता येते, आणि कल्पना लढवायला सगळ्यात जास्त वाव तिथेच असतो. कमरेत कापलेला सांगाडा जमिनीतून वर येताना दाखवता येतो, उरलेले पाय दुसऱ्या कोपऱ्यातल्या उघड्या थडग्यात जातात. एका मिनीत दोन जागा भरल्या.

आता कन्व्हर्जन. जिवंत माणसांच्या फौजा पुष्कळ स्वस्तात मिळतात, जुन्याही मिळतात, आणि त्यांतून उत्तम झॉम्बी होतात. फक्त मुंडकी बदलून भागत नाही. जिवंत शिपाई ताठ उभा असतो, छाती पुढे, नजर समोर. मेलेल्याचा तोल गेलेला हवा. आम्ही मान कापून तिरकी बसवतो, एक घोटा कापून पाऊल आत वळवतो, आणि बघता बघता चाल बदलते. सांगाड्याचा हात बाहीत बसवायचा असेल तर बाहीच्या टोकाशी सरळ काप घ्यायचा, आत छोट्या ड्रिलने पोकळी कोरायची आणि मगच हाड आत सरकवायचं. नुसतं टोकाला टोक चिकटवलं की बाही भरीव दिसते आणि सोंग उघडं पडतं. झग्याची कड चाकूने कापून दातेरी करा, पण दाते एकसारखे नकोत. फाटलेलं कापड कधी मापात फाटत नाही. कफनासाठी साधा टिश्यू पेपर आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल पुरतं.

डिंकाबद्दल थोडं. प्लॅस्टिकच्या मिनीला प्लॅस्टिक सिमेंट लागतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्याचा उपयोग शून्य, तिथे फेव्हिक्विक, आणि जड तुकडा असेल तर आत तारेची पिन. फेव्हिक्विक लावलेली मिनी लगेच डबाबंद करू नका, वाफेने तिच्यावर पांढरी बुरशीसारखी झाक चढते. भेगा बुजवायला आम्ही ग्रीन स्टफ वापरतो, म्हणजे दोन रंगांच्या पट्ट्या एकत्र मळून वापरायची पुटी. निळी आणि पिवळी पट्टी जिथे चिकटलेली असते तो मधला भाग आधीच कडक झालेला असतो, तो कापून टाका, नाहीतर मळताना गाठी राहतात. एम-सील माती-खडकाला चांगलं, चेहऱ्याला नको.

रंगाच्या बाबतीत सांगाड्यांसारखं सोयीचं गिऱ्हाईक नाही. हस्तिदंती रंगाचा पहिला थर, वर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), तो पूर्ण वाळला की फिकट रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं): साध्या शिपायाला एवढं बास. उरलेला वेळ सरदार, झेंडेवाला आणि पहिली रांग यांच्यावर घालवावा, कारण टेबलावर हातभर अंतरावरून तेवढंच दिसतं. सगळ्या फौजेला सरदाराइतकं बारीक काम हवं असेल तर करून देऊ, पण आमचा सल्ला ‘नको’ असाच राहील.

हाड मात्र सगळीकडे एकाच रंगाचं नसतं. वाळवंटातलं उन्हाने पांढरं पडतं, ओल्या मातीतलं काळपट तपकिरी होतं, सांध्यांत हिरवट. शस्त्रांचंही तसंच. लोखंडाला तांबूस गंज चढतो, काशाला हिरवा-निळसर. टूम किंग्जच्या काशाच्या तलवारीवर नारिंगी गंज मागणारे बरेच भेटतात. आम्ही एकदा समजावतो, मग म्हणाल तसं.

वेताळाची स्वारी करून द्या, अशीही मागणी येते. अमावास्येच्या रात्रीच्या मशाली, मागून चालणारी भुतावळ, हे टेबलावर झकास दिसतं आणि आम्ही आवडीने करतो. खुद्द वेताळाची मिनी मात्र करत नाही. कोकणात आणि गोव्यात तो पुजला जाणारा देव आहे, त्याला फाशांच्या मारात उभं करणं आम्हाला पटत नाही.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारायचं आम्ही टाळतो. दमट हवेत तो खरबरीत बसतो, वार्निशवर पांढुरकी धूसर झाक येते, आणि मग सगळ्या मेहनतीवर पाणी. तेव्हा प्रायमर ब्रशने लावतो, त्याला वेळ जास्त लागतो. तारीख ठरवताना हे धरून चाला.

स्पर्धेत खेळणार असाल तर आधीच सांगा. हातात भाला तर नियमातही भालाच, असा आग्रह बहुतेक ठिकाणी असतो. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या दुकानांत थ्री-डी प्रिंट केलेले तुकडे चालत नाहीत, त्यामुळे तिथल्यासाठी आम्ही फक्त त्यांच्याच किटांतले भाग जोडतो.

जुन्या रंगवलेल्या मिनी आणणार असाल तर घरी थिनर किंवा ॲसिटोनने धुऊ नका, प्लॅस्टिक वितळतं. तशाच आणा, आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने रंग काढतो. जुन्या धातूच्या मिनींमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा त्या हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. कापून उरलेले हात, पाय, कवट्या आम्ही पिशवीत घालून परत देतो. फेकू नका, पुढच्या तुकडीच्या बेसवर लागतात.

फौज ताब्यात घेतल्यावर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. रेझिनचे भाले वाकतात. वाकलाच तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. उचलताना नेहमी बेसला धरून उचला, भाल्याला नाही. दर आणि आगाऊ रकमेचा तक्ता मागच्या पानावर आहे.