जॅझ बेस : पिकअप-जोडणीतील फेरफार

फेंडर कंपनीच्या जॅझ बेस (१९६०) या विद्युत् बेस (खर्जाच्या) गिटारीतील दोन पिकअपांची (तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबकीय वेटोळ्यांची) मूळ जोडणी बदलून तिचा स्वर पालटण्याची पद्धत.

आरंभीच्या वाद्यांत प्रत्येक पिकअपला एकावर एक बसवलेले दोन नॉब होते : एक व्हॉल्यूमचा, एक टोनचा. दोन व्हॉल्यूम व सामाईक टोन ही तीन नॉबांची मांडणी सामान्यतः १९६२ पासूनची मानतात; काही अभ्यासक ती १९६१ च्या अखेरीस नेतात. दांडीवरील तारखेचा शिक्का दांडी घडवल्याचा असतो, वाद्य जुळवल्याचा नव्हे. म्हणून केवळ त्यावरून काढलेला निष्कर्ष पक्का धरता येत नाही. दोन्ही मांडण्या काही काळ बरोबरीने चालल्या असाव्यात, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मूळ जोडणी समांतर असते. पिकअपची तार २५० किलोओहमच्या पॉटच्या (नॉबखालील फिरत्या रोधकाच्या) मधल्या टोकाला डाख देऊन जोडतात, त्यामुळे एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप गप्प होत नाही. सर्वांत फलदायी फेरफार म्हणजे एकसर जोडणी. त्यासाठी ओढता-दाबता येणारा, स्विचचेही काम करणारा पॉट पुरतो, लाकूड कोरावे लागत नाही. प्रत्येक वेटोळ्याचा रोध ७.५ किलोओहम धरल्यास समांतर जोडणीत तो ३.७५, तर एकसर जोडणीत १५ किलोओहम होतो. प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण) चौपट झाल्याने, केबलची धारकता तीच असता, अनुस्पंदन कंप्रता (जिथे पिकअपचा प्रतिसाद सर्वाधिक असतो ती) सुमारे निम्म्यावर येते. स्वर मोठा व भरदार होतो, वरची चमक मात्र जाते.

दोन्ही पिकअपांचे चुंबकीय ध्रुव व वेटोळ्यांची दिशा परस्परविरुद्ध असल्यास विजेची गुणगुण दोन्ही जोडण्यांत मिटते. वेगवेगळ्या उत्पादकांचे पिकअप एकत्र बसवताना हे आधी तपासणे अगत्याचे. खर्ज पोकळ लागला, म्हणजे दोन्ही पिकअपांचे संकेत एकमेकांना छेद देत असले, तर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करतात.

गिटारीतच प्रवर्धक (संकेत वाढवणारे मंडल) बसवण्याच्या प्रथेचे श्रेय बहुधा अलेंबिक या अमेरिकन वाद्यनिर्मात्या कंपनीच्या रॉन विकरशॅम यांच्या १९६० च्या दशकाअखेरच्या कामाला देणे योग्य ठरेल. ते मात्र गिल्ड स्टारफायर बेसवरचे. जॅझ बेसपुरते पाहता, न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर रॉजर सॅडाउस्की यांनी बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या वाद्यात केलेला बदल सर्वांत प्रभावी ठरला. अशा वाद्यात ९ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सहसा स्टिरिओ जॅकच्या मधल्या संपर्काला जोडतात. केबल खोचताच मंडल पूर्ण होते, म्हणून ती खोचलेली राहिल्यास बॅटरी उतरत जाते.