नांदूर मध्यमेश्वर येथील बदकांचे ऋतुचक्र

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचे दाट पट्टे तयार झाले. बदकांना नेमके हेच हवे असते. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र.

थंडी पडली की पाहुणे पक्षी येतात, एवढ्यावर हा विषय सहसा संपवला जातो. ते अर्धेच खरे. भुवई बदके तर पावसाळा सरता सरताच उतरू लागतात. मागून तलवार बदक, थापट्या आणि चक्रवाक येतात. सुरुवातीच्या थव्यांत नर ओळखणे जिकिरीचे असते, कारण त्यांचा रंगीत पिसारा अजून आलेला नसतो. नर-मादी सारखीच मळकट दिसतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी शिगेला पोहोचते. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी त्याच गर्दीत असतात, पण ते बदक नव्हे. त्यांचे नाते पाणकोंबडीशी.

स्थानिक बदकांचे गणित वेगळे आहे. हळदी-कुंकू बदक, अडई आणि नकटा यांची वीण प्रामुख्याने पावसाळ्यात होते. तेव्हा गावोगावची तळी, डबकी भरलेली असतात आणि जोड्या तिकडे पांगतात. नकटा तर झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पिल्ले तिथून थेट खाली उडी टाकतात. तळी आटू लागली की ही मंडळी पिल्लांसह मोठ्या पाण्यावर परततात. हिवाळी गर्दीत घरचेही बरेच असतात ते यामुळे.

म्हणूनच केवळ जानेवारीच्या पक्षीगणनेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. पाऊस भरपूर झाला तर पक्षी जागोजागच्या पाण्यावर विखुरतात आणि येथील आकडा घसरतो. उलट आसपासचे पाणी आटले की उरलेल्या पाण्यावर दाटी होऊन तो फुगतो. कालव्याच्या आवर्तनांनी, म्हणजे पाळीपाळीने सोडलेल्या पाण्यामुळे, पाणी खालीवर झाले की थापट्यासारखी उथळात चरणारी बदके जागा बदलतात. बुडी मारून खाणाऱ्यांना मात्र खोल पाणीच लागते.

मार्चपासून थवे उत्तरेकडे निघतात. एप्रिलअखेर पाहुणे जवळजवळ संपतात, आणि मे महिन्याच्या उन्हात उरलेल्या पाण्यावर हळदी-कुंकू बदके आणि शीळ घालत उडणाऱ्या अडया तेवढ्या दिसतात.